अकरा वाजले की मुख्य कचेरीला फोन लागत नाही: शाखांमधल्या इंटरनेट फोनची कॉलमर्यादा कशी तपासायची

अकराला पाच कमी होते. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलापाशी मी उभा होतो. फाटकाशी ट्रक लागले होते आणि डिस्पॅचवाले पुण्याच्या मुख्य कचेरीत बिलिंगला फोन लावत होते. रिसीव्हरमधून भराभर टूं-टूं ऐकू आलं आणि फोनच्या छोट्या पडद्यावर ओळ उमटली: नॉट इनफ बँडविड्थ, म्हणजे कॉलसाठी पुरेशी जागा नाही. त्यांनी फोन ठेवला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी खिशातला मोबाइल काढला. म्हणाले, "साहेब, रोज याच वेळेला होतं बघा. जेवणानंतर लावला की पहिल्या झटक्यात लागतो."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण अर्धं निदान त्यातच होतं. ठरावीक वेळेला होणारा आणि आपोआप बरा होणारा बिघाड तारेत किंवा फोनमध्ये बहुधा नसतो, तो हिशोबात असतो. त्या कारखान्याने याच तक्रारीपायी मुख्य कचेरीशी जोडणारी डेटा लाइन १ एमबीपीएसची २ एमबीपीएस करून घेतली होती. दरमहा जास्त पैसे जात होते आणि तक्रार जागच्या जागी होती. मुख्य कचेरी एका गावात, कारखाने आणि डेपो दुसरीकडे, फोनचा सर्व्हर एकच, अशा बऱ्याच ठिकाणी मी हा बिघाड काढला आहे. सिन्नरच्या फोनसाठी सिस्को कंपनीचा कॉल मॅनेजर हा सर्व्हर होता, म्हणून खालची नावं त्यातली आहेत. ॲस्टेरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स या दुसऱ्या फोन-सर्व्हरमध्ये नावं बदलतात, हिशोब तोच राहतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या यांत्रिकपणे केल्या जातील. कॉल नाकारताना फोनचा सर्व्हर तुमच्या लाइनकडे बघत नाही. प्रत्येक शाखेच्या नावाने त्याच्याकडे एक खातं असतं, त्याला कॉल मॅनेजरमध्ये लोकेशन म्हणतात. त्या खात्यात कुणीतरी कधीतरी एक आकडा भरून ठेवलेला असतो, समजा ६४० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४० किलोबिट. शाखेबाहेरचा कॉल लागला की ठरलेली रक्कम वजा होते, कॉल संपला की परत जमा होते. किती, ते कोडेकवर, म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवायच्या पद्धतीवर, ठरतं: जी.७११ कोडेकच्या कॉलला ८० वजा, जी.७२९ च्या कॉलला २४. शिल्लक कमी पडली की पुढच्या कॉलला नकार. लाइन त्या वेळी रिकामी असली तरी नकार येतो. उलट, खात्यात शिल्लक दिसते आहे आणि लाइन प्रत्यक्षात तुंबली आहे, तरीही कॉल खुशाल लागतो. म्हणूनच लाइन दुप्पट करून सिन्नरला काही फरक पडला नाही. खात्यातला ६४० चा आकडा तसाच राहिला होता.

मग ही मर्यादा असतेच कशाला? राउटरमध्ये आवाजासाठी वेगळी, आधी सुटणारी रांग असते. तिच्यात आठ कॉलची जागा असेल आणि नववा कॉल शिरला, तर आवाजाचे तुकडे वाहून नेणाऱ्या पाकिटांपैकी कोणतं कुणाच्या कॉलचं ते राउटरला कळत नाही. जादा झालेली पाकिटं तो सरसकट टाकून देतो आणि नऊच्या नऊ कॉल तुटक ऐकू येतात. नवव्याला नकार मिळतो तेव्हा बाकी आठजणांचं बोलणं वाचतं. म्हणून 'मर्यादा वाढवून टाका, तक्रार मिटेल' हा सल्ला मला सर्वात घातक वाटतो. सिन्नरला माझ्या आधी कुणीतरी तो अमलात आणून पाहिला होता. नकार बंद झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचाच आवाज तुटू लागला, म्हणून आकडा मुकाट्याने परत पूर्वीचा केला गेला.

लक्षणं

शाखेतल्या शाखेत फोन लागतो, बाहेरचे कॉलही येतात, पण दुसऱ्या शाखेला लावला की गर्दीच्या वेळी नकार येतो: खातं भरलं आहे.

फोन लागतो, पण एकाच वेळी सगळ्यांचा आवाज तुटतो: खात्यातली मर्यादा राउटरच्या रांगेपेक्षा मोठी आहे, किंवा काही कॉल खात्यात मोजलेच जात नाहीत.

सकाळी सातला कचेरीत चिटपाखरू नसतानाही नकार येतो: खात्यात गळती आहे, संपलेल्या कॉलची रक्कम परत जमा झालेली नाही.

आपल्याला समोरच्याचं स्पष्ट ऐकू येतं, त्यांना आपलं तुटक: एकाच बाजूच्या राउटरवर रांग लावलेली आहे.

मुख्य लाइन बंद पडून पर्यायी लाइनवर गेलं की आवाजाचा चुरा होतो: याबद्दल पुढे सविस्तर.

एक लक्षण मात्र या यादीत नाही. फोन लागतो, उचललाही जातो, पण एका बाजूला पूर्ण शांतता असते. हा बहुतेक वेळा फायरवॉलचा किंवा पत्त्यांच्या भाषांतराचा, म्हणजे एनएटीचा बिघाड असतो. त्यासाठी बँडविड्थच्या मागे लागू नका, दिवस फुकट जाईल.

पहिली तपासणी: वही आणि पेन

दोन दिवस नोंद ठेवा. वेळ, कुठल्या एक्स्टेन्शनवरून, कुठे लावला, काय ऐकू आलं, पडद्यावर काय दिसलं. खर्च शून्य. 'फोन चालत नाही' या तक्रारीत चार वेगळे बिघाड एकत्र मिसळलेले असतात आणि ते वेगळे करायला दुसरा उपाय नाही. रिसेप्शन, डिस्पॅच आणि अकाउंट्स अशा तीन टेबलांवर एकेक कागद ठेवला तरी पुरतं. महिनाअखेर असेल तर अकाउंट्सचा कागद आधी वाचा.

दुसरी: फोनलाच विचारा

आवाज तुटत असताना, कॉल चालू ठेवूनच, फोनवर कॉल स्टॅटिस्टिक्सचं पान उघडा. सिस्कोच्या जुन्या ७९०० मालिकेतल्या फोनवर कॉल चालू असताना मदतीचं बटण दोनदा दाबलं की ते दिसतं. बाकी फोनवर मेन्यूतल्या स्टेटसखाली शोधा. तीन गोष्टी लिहून घ्या: कोडेक कोणता, पाकिटं किती हरवली, आणि जिटर, म्हणजे पाकिटं पोचण्याच्या वेळेतला चढउतार, किती. हरवलेली पाकिटं शंभरात एकापेक्षा कमी आणि जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर लाइन ठीक समजा. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीतली मर्यादा आहे. त्यापुढे गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

कोडेक बघणं सर्वात महत्त्वाचं. शाखांमध्ये जी.७२९ ठरवलेला असताना पडद्यावर जी.७११ किंवा जी.७२२ दिसला, तर प्रत्येक कॉल तिप्पट जागा खातो आहे. एचडी आवाज म्हणून मिरवणारा जी.७२२ सुद्धा खात्यातून ८० च घेतो.

तिसरी: गर्दीच्या क्षणी मोजणी

नकार येत असताना प्रत्यक्ष किती कॉल चालू आहेत ते मोजा. कॉल मॅनेजरच्या आरटीएमटी या देखरेखीच्या साधनात लोकेशनचे आकडे दिसतात: किती शिल्लक, कितीदा नकार. ॲस्टेरिस्कमध्ये 'कोअर शो चॅनल्स' ही आज्ञा द्या. फ्रीपीबीएक्समध्ये ट्रंकच्या, म्हणजे बाहेर जोडणाऱ्या वाटेच्या, पानावर जास्तीत जास्त चॅनलचा, म्हणजे एकाच वेळच्या कॉलचा, आकडा असतो, तोही पाहा. मग एक साधा प्रश्न: माणसं बोलताहेत किती आणि खात्यात कॉल किती?

सिन्नरला खात्यात आठ कॉल होते, ६४० पुरे संपलेले. मी टेबलांमधून फिरून मोजलं, तर पुण्याशी बोलणारी माणसं चारच होती. उरलेले चार कॉल कुणाचे, हे शोधायला मला दुपार झाली.

ते होते धरून ठेवलेले कॉल. ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन सिन्नरच्याच स्थानिक लाइनवर येत. डिस्पॅचवाले 'जरा थांबा' म्हणून कॉल होल्डवर टाकत आणि गाडीचा नंबर बघायला आवारात जात. होल्डवरचं संगीत मात्र पुण्याच्या सर्व्हरवरून येत होतं. म्हणजे कॉल सिन्नरचा, ट्रान्सपोर्टवाला सिन्नरचा आणि त्याला ऐकवायची धून पुण्याहून, प्रत्येकाला वेगळी, प्रत्येकी ८० केबीपीएस. अकराच्या सुमाराला गाड्या सुटतात, तेव्हा असे तीन-चार जण होल्डवर असतच. जेवणानंतर गाड्या गेलेल्या असत आणि फोन पहिल्या झटक्यात लागत असे.

उपाय अर्ध्या तासाचा होता. संगीताची फाइल सिन्नरच्या राउटरच्या फ्लॅश मेमरीत ठेवली आणि मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच प्रवाह देऊन, तिथूनच वाजवली. त्याहून साधा मार्ग म्हणजे त्या शाखेला संगीताऐवजी नुसता टोन देणं. संगीताला जी.७२९ लावून जागा वाचवायला मात्र जाऊ नका. तो कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे, संगीत त्यातून पार चिरफळलेलं ऐकू येतं.

अशाच आणखी काही गुप्त वाटा आहेत. शाखेतल्या तिघांनी कॉन्फरन्स केली आणि सगळ्यांचे आवाज एकत्र करणारा कॉन्फरन्स ब्रिज मुख्य कचेरीत असेल, तर तिघांचेही आवाज तिथे जाऊन परत येतात. कॉल रेकॉर्डिंगचा सर्व्हर मुख्य कचेरीत असेल आणि रेकॉर्डिंग फोनमधूनच होत असेल, तर प्रत्येक कॉलमागे दोन जादा प्रवाह लाइनवर चढतात. ॲस्टेरिस्क पुण्यात असेल आणि रेकॉर्डिंग किंवा एनएटीमुळे आवाज सर्व्हरमधूनच न्यावा लागत असेल, तर एकाच खोलीतल्या दोन टेबलांचं बोलणंही पुण्याला जाऊन येतं. मोजलेली माणसं आणि मोजलेले कॉल जुळत नसतील तर आधी या वाटा तपासा.

चौथी: फोन कुठल्या खात्यात आहे

फोन एका शाखेतून उचलून दुसरीकडे लावला की तो चालतो, म्हणून कुणी पुढे बघत नाही. खातं मात्र जुन्याच शाखेचं राहतं. एका कचेरीत पुण्याहून आणलेले बारा फोन अजून पुण्याच्याच लोकेशनवर होते. सर्व्हरच्या लेखी ते पुण्यातच होते, त्यामुळे त्यांचे पुण्याशी होणारे कॉल मोजलेच जात नव्हते आणि तिथल्या सगळ्यांचा आवाज तुटत होता. कॉल मॅनेजरमध्ये हब-नन हे मुळातलं लोकेशन असतं, त्याला मर्यादा नसते. नवा फोन घाईत जोडला की तो तिथेच पडून राहतो. फोनचं पान आणि त्याचा डिव्हाइस पूल (तो फोन ज्या गटात टाकला आहे तो), दोन्ही ठिकाणची नोंद तपासा. यादी काढून शाखेप्रमाणे टिकमार्क करत गेलं की तासाभराचं काम आहे.

पाचवी: गळती

कॉल संपल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचला नाही, तर वजा झालेली रक्कम अडकून राहते. सगळे घरी गेल्यावर, एकही कॉल नसताना, शिल्लक पूर्ण दिसली पाहिजे. दिसत नसेल तर लोकेशनच्या पानावर रिसिंक बँडविड्थ हे बटण असतं, त्याने खातं पुन्हा भरतं. हे फक्त रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी करा. भर दिवसा दाबलं तर चालू असलेले कॉल हिशोबातून निसटतात आणि खातं तेवढ्या कॉलनी जास्त शिल्लक दाखवू लागतं. आठवड्यात दोनदा बटण दाबावं लागत असेल, तर तो आता तुमच्या हातातला बिघाड राहिला नाही.

सहावी: आकडे जुळतात का

इथे कागदावर बसायला हवं, कारण खात्यातली बेरीज आणि राउटरमधली बेरीज वेगवेगळ्या मापांनी होते. जी.७११ चा आवाज ६४ केबीपीएसचा. तो सेकंदाला ५० पाकिटांतून जातो. दर पाकिटात आवाजाचे १६० बाइट आणि वर पत्त्यांचे ४०, असे २०० बाइट. म्हणून खातं ८० मोजतं. इथरनेटवर प्रत्येक पाकिटाला आणखी वेष्टन चढतं आणि तोच कॉल सुमारे ८७ होतो. जी.७२९ खात्यात २४ आणि इथरनेटवर सुमारे ३१. म्हणजे आठ कॉलना खात्यात ६४० पुरतात, पण राउटरच्या रांगेत ७०० लागतात. दोन्हीकडे ६४० लिहिलेलं असलं, तर दिसायला आकडे जुळतात आणि आठवा कॉल सगळ्यांचं बोलणं बिघडवतो. हा घोटाळा मी वारंवार पाहिला आहे, आणि तो करणारी माणसं काळजीनेच काम करत होती.

शाखा आयपीसेक व्हीपीएनने, म्हणजे पाकिटं कुलूपबंद करून नेणाऱ्या वाटेने, जोडल्या असतील तर फरक आणखी वाढतो. जी.७२९ चं ६० बाइटचं पाकीट कुलूपबंद झालं की साधारण १२० बाइटचं होतं. बचत म्हणून निवडलेला कोडेक व्हीपीएनवर दुप्पट जागा घेतो, हे लक्षात घेऊनच मर्यादा ठरवा.

मर्यादा किती असावी याचा अंदाज बांधायला डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही पुरतं. समजा, गर्दीच्या तासात शाखेबाहेरचे १०० कॉल होतात आणि एकेक सरासरी ३ मिनिटं चालतो. म्हणजे तासाला ३०० मिनिटं, ५ एर्लांग (एका वेळी सरासरी पाच कॉल). एवढ्या रहदारीला आठ कॉलची जागा ठेवली तर शंभरातल्या सातांना नकार मिळतो. अकरा ठेवली तर शंभरात एकालाही पुरता नाही. आता अकरा कॉल जी.७११ ने लाइनवर सुमारे ९६० केबीपीएस होतात, म्हणजे २ एमबीपीएसच्या लाइनचा जवळजवळ अर्धा भाग. प्राधान्याची रांग लाइनच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवावी हा रूढ संकेत आहे, नाहीतर ईआरपी (कंपनीच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर) आणि मेल गुदमरतात. म्हणून अशा ठिकाणी शाखांदरम्यान जी.७२९ लावा, अकरा कॉल ३५० च्या आत बसतात. जी.७२९ च्या पेटंटची मुदत २०१७ च्या सुरुवातीलाच संपली आहे. आवाज थोडा कोरडा वाटतो, पण शब्द स्पष्ट कळतात.

सातवी: राउटर

इथून पुढे हात घालायचा तर आधी सध्याच्या मांडणीची प्रत काढून ठेवा. गर्दीच्या वेळी दोन्ही टोकांच्या राउटरवर 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' ही आज्ञा देऊन नुसतं बघा, काही बदलू नका. आवाजाच्या रांगेत टाकून दिलेल्या पाकिटांचा आकडा वाढत असेल तर मर्यादा रांगेपेक्षा मोठी आहे. त्या रांगेत पाकिटंच मोजली जात नसतील, तर आवाजावरची खूण वाटेत पुसली जाते आहे. ही खूण म्हणजे डीएससीपी ४६, 'या पाकिटाला आधी सोडा' असं सांगणारा पाकिटावरचा आकडा. मधल्या स्विचच्या पोर्टला फोनच्या खुणेवर विश्वास ठेवायला सांगितलेलं नसेल तर ती तिथेच शून्य होते. राउटर रांग लावतो ती फक्त बाहेर जाणाऱ्या पाकिटांची, म्हणून दोन्ही टोकं बघायची. एकाच बाजूचा आवाज तुटण्याचं कारण बहुधा इथेच सापडतं.

पर्यायी लाइनची गोष्ट वेगळीच काढून सांगतो. मुख्य लाइन पडली की राउटर पर्यायी लाइनवर जातो, पण खात्यातल्या आकड्याला त्याची खबर नसते. २ एमबीपीएससाठी ठरवलेली मर्यादा घेऊन सर्व्हर अर्ध्या क्षमतेच्या लाइनवर तेवढेच कॉल सोडत राहतो. साधं ब्रॉडबँड किंवा ४जी असेल तर वाटेत प्राधान्याची खूणही कुणी मानत नाही. मी मर्यादा नेहमी पर्यायी लाइन बघून ठरवतो, आणि पर्यायी लाइन फारच लहान असेल तर मुख्य लाइन बंद असताना शाखांमधले कॉल मोबाइलवर करा, असं लेखी कळवून ठेवतो.

कुठे थांबायचं

पहिल्या चार तपासण्या कचेरीतला कुणीही जाणता माणूस करू शकतो. खालच्या ठिकाणी मात्र हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

राउटरच्या रांगा बदलायच्या असतील आणि बदल उलटवायची खात्री नसेल, तर थांबा. दूरच्या शाखेचा राउटर चुकीच्या ओळीने बंद पडला तर फोनच नव्हे, सगळी शाखाच बंद पडते आणि माणूस गाडीने पाठवावा लागतो.

दोन्ही राउटर स्वच्छ दिसतात आणि मधेच पाकिटं हरवतात, तर तो लाइन पुरवणाऱ्या कंपनीचा भाग आहे. आवाजाच्या वर्गाला किती क्षमता विकत घेतली आहे, ते करारातून काढून त्यांच्याकडे तक्रार नोंदवा.

खातं भरल्यावर कॉल सार्वजनिक टेलिफोन लाइनवरून आपोआप वळवण्याची सोय कॉल मॅनेजरमध्ये आहे. भारतात ती परस्पर सुरू करू नका. कंपनीतलं खासगी इंटरनेट फोनचं जाळं आणि सार्वजनिक टेलिफोनचं जाळं कुठे जोडायचं याला दूरसंचार विभागाचे नियम आहेत, आणि त्यासाठीच लॉजिकल पार्टिशनिंगची, म्हणजे दोन जाळ्यांमधले कॉल नियमाबाहेर मिसळू न देणारी, मांडणी करावी लागते. हे परवाना आणि नियम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

आणि ११२. शाखेतून ११२ लावल्यावर कॉल मुख्य कचेरीच्या लाइनवरून बाहेर पडत असेल, तर तो मर्यादेत अडकू शकतो, आणि लागलाच तर पत्ता मुख्य कचेरीचा दिसतो. प्रत्येक शाखेत एक तरी स्थानिक लाइन हवी आणि ११२ तिच्यावरूनच गेला पाहिजे. ही मांडणी नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आजच व्हेंडरला बोलवा.

जाणकार येईल तेव्हा त्याच्या हातात चार कागद द्या: दोन दिवसांची तक्रारवही, फोनच्या पडद्यावरचे कोडेक आणि हरवलेल्या पाकिटांचे आकडे, गर्दीच्या क्षणी मोजलेले कॉल, आणि शाखेप्रमाणे फोनची यादी. सिन्नरला हे चार कागद आधीच असते, तर ते चार कॉल शोधायला माझी दुपार गेली नसती.